कंपन्यांच्या कल्पना-सादरीकरण स्पर्धेत विद्यार्थ्यांचा संघ नेमका कशावर जिंकतो?

नवी_वाट

नमस्कार मंडळी. मी व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरगुती उपकरणे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी कल्पना-सादरीकरण स्पर्धा ठेवली असून, आमचा चार जणांचा संघ लेखी फेरी पार करून अंतिम फेरीत पोहोचला आहे. कंपनीने दिलेला विषय असा आहे : ज्यांनी आमचे उपकरण आधीच घेतले आहे, त्यांच्याकडून विक्रीनंतरचे उत्पन्न कसे वाढवता येईल?

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या फिल्टरची वार्षिक वर्गणी सुरू करावी, अशी आमची कल्पना आहे. ग्राहकाने वर्षाचे पैसे एकदम भरायचे आणि ठरलेल्या वेळी फिल्टर घरपोच मिळायचा. सादरीकरणाला दहा मिनिटे आणि प्रश्नोत्तरांना पाच मिनिटे आहेत. परीक्षकांमध्ये विपणन विभागाचे दोन, वित्त विभागाचे एक आणि सेवा विभागाचे एक असे अधिकारी असतील.

आमच्यातच दोन मते आहेत. दोघांना वाटते की, कल्पना पुरेशी नवी नाही, म्हणून तिला काही तरी झळाळी दिली पाहिजे. उरलेल्या दोघांना वाटते की, बाजारपेठ किती मोठी आहे हे ठसवले की काम होईल. ज्यांनी अशा स्पर्धा जिंकल्या, घेतल्या किंवा त्यांचे परीक्षण केले, त्यांनी कृपया सांगावे : निकाल नेमका कशावर ठरतो?

पडद्यामागून

अभिनंदन. मी एका उत्पादन कंपनीच्या व्यूहरचना विभागात बरीच वर्षे काम केले असून अशा स्पर्धांच्या परीक्षक मंडळावरही बसलो आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो.

नवउद्योजकांच्या स्पर्धेत समोर गुंतवणूकदार असतो. तो पैसे देऊन उद्योगात हिस्सा घेतो, त्यामुळे दहातली एक कल्पना प्रचंड वाढली तरी त्याचे भागते. कंपनीच्या स्पर्धेत समोर बसलेला माणूस पगारदार अधिकारी असतो. तुमची कल्पना त्याला आवडली, तर ती वरिष्ठांपुढे त्याला स्वतः मांडावी लागणार आहे, त्यासाठी दुसऱ्या एखाद्या कामाचे बजेट कापावे लागणार आहे आणि ती फसली तर तिचा जाबही त्यालाच द्यावा लागणार आहे. म्हणून तुमचे ऐकत असताना तो मनाशी हेच तपासत असतो की, हे मी वर घेऊन गेलो तर मला पहिला प्रश्न कोणता येईल, आणि त्याचे उत्तर या मुलांनी माझ्या हातात दिले आहे का.

माझ्या अनुभवात जिंकणारे संघ तीन गोष्टी स्पष्ट सांगतात : हे काम कंपनीतला कोणता विभाग करील, पहिले पाऊल किती लहान असेल आणि कोणता आकडा दिसला तर थांबायचे. शेवटची गोष्ट फार थोडे संघ सांगतात. जो संघ ती सांगतो, त्याच्या उरलेल्या आकड्यांवर परीक्षकाचा विश्वास आपोआप वाढतो.

आणखी एक कसोटी आधी स्वतःच लावून पाहा. तुमच्या स्लाइडवरचे कंपनीचे नाव खोडून तिथे प्रतिस्पर्धी कंपनीचे नाव घाला. सादरीकरणातले एकही वाक्य त्यामुळे बदलावे लागत नसेल, तर ही कल्पना या कंपनीसाठी तयार केलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो.

शोधयात्री

पडद्यामागून यांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. परीक्षकाची सोय हाच निकष मानला, तर विद्यार्थ्यांनी तेच मांडायचे का, जे कंपनी आज ना उद्या स्वतःच करणार आहे? मग बाहेरच्या तरुणांना बोलावण्याचे प्रयोजन काय उरते?

कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने १९७५ साली डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला होता. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते, चित्राची स्पष्टता ०.०१ मेगापिक्सेल होती आणि एक छायाचित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. वरिष्ठांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. पुढे डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मचा धंदा मोडून काढला आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागावे लागले. 'वर नेता येईल का' हीच चाळणी लावत राहिलो, तर असे नमुने टेबलावरच पडून राहतील. स्पर्धेत तरी विद्यार्थ्यांनी धाडस करावे, असे मला मनापासून वाटते.

पडद्यामागून

शोधयात्री, धाडसाला माझा विरोध नाही, पण आपण दिलेले उदाहरण मला वेगळे काही सांगते. कोडॅकचा नफा फिल्म आणि छपाईचा कागद यांच्या विक्रीतून येत होता. नवा कॅमेरा नेमका त्याच विक्रीच्या मुळावर येणार होता. 'आपला आजचा नफा कमी होईल, त्याचे काय' या प्रश्नाला जोवर पटण्याजोगे उत्तर नाही, तोवर कल्पना कितीही पुढची असली तरी मोठ्या कंपनीत ती अडते.

याच्या शेजारी नेस्प्रेसो या कॅप्सूलमधल्या कॉफीचे उदाहरण ठेवून पाहावे. नेस्ले कंपनीच्या एरिक फाव्र या अभियंत्याच्या कॅप्सूल पद्धतीचे (एका कपापुरती कॉफी बंद डबीत भरून ती यंत्रात घालायची पद्धत) पेटंट १९७६ चे आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र उपकंपनी निघाली ती १९८६ साली. नेस्लेचा झटपट कॉफीचा मोठा व्यवसाय आधीपासून होता, तरीही नव्या उत्पादनाला वेगळे घर मिळाले. सुरुवातीला कार्यालयांना विकायचा प्रयत्न झाला, तो फारसा जमला नाही, मग घरगुती ग्राहकांकडे मोर्चा वळला आणि तिथे जम बसला. धाडसी कल्पना जरूर मांडा, पण तिचे कंपनीतले घर कोणते आणि शेजारच्या धंद्याला ती किती धक्का देईल, हेही त्याच दमात सांगा.

ताळेबंद

मी वित्त क्षेत्रात आहे. धाग्यावर तत्त्वांची चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ कल्पनेचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही, म्हणून मी मांडतो. खालचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, कंपनीचे १०० ग्राहक आहेत. त्यांच्यापैकी ३० जण वर्षातून एकदा कंपनीचा अस्सल फिल्टर घेतात, बाकीचे दुसऱ्या कुणाचा तरी स्वस्त फिल्टर बसवतात किंवा बदलतच नाहीत. फिल्टरची किंमत १०० आणि प्रत्येक नगामागचा बदलता खर्च ६० धरू. म्हणजे एका फिल्टरमागे ४० उरतात आणि आज कंपनीला एकूण १,२०० मिळतात.

आता वर्गणी सुरू केली. १० टक्के सवलत द्यावी लागेल, म्हणजे किंमत ९० झाली. घरपोच पाठवण्याचा खर्च १० वाढला, म्हणजे बदलता खर्च ७० झाला. एका फिल्टरमागे आता २० उरतात. समजा, २० ग्राहकांनी वर्गणी घेतली. संघ आनंदाने सांगेल की, २० वर्गणीदार मिळाले. पण या २० जणांपैकी १२ जण आधीपासून अस्सल फिल्टर घेणारेच असतील तर? वर्गणी सर्वांत आधी तेच घेतात, कारण त्यांना कंपनीवर विश्वास असतो आणि सवलत आयती मिळते. मग जुन्या पद्धतीने घेणारे १८ उरले. त्यांचे १८ गुणिले ४० म्हणजे ७२०, आणि वर्गणीदारांचे २० गुणिले २० म्हणजे ४००. एकूण १,१२०. अस्सल फिल्टर घेणारे ३० वरून ३८ झाले आणि कंपनीच्या पदरात मात्र ८० कमी पडले.

परीक्षक मंडळावर वित्त विभागाचे अधिकारी आहेत, असे नवी_वाट यांनी लिहिले आहे. ते हाच प्रश्न विचारतील.

कल्पना टाकून द्यावी, असे मात्र मी म्हणत नाही. वर्षातून दोनदा फिल्टर बदलावा अशी कंपनीची शिफारस असेल आणि लोक आळसाने एकदाच बदलत असतील, तर वर्गणीचा खरा लाभ तिथे आहे. वर्गणीदाराने वर्षात दोन फिल्टर घेतले, तर २० गुणिले २ गुणिले २० म्हणजे ८०० होतात आणि एकूण १,५२०. नफा-तोट्याच्या काठावरचा आकडाही काढता येतो : वर्गणीदारामागे वर्षाला सरासरी १.२ फिल्टर गेले की कंपनी आजच्या १,२०० वर येते. त्याखाली तोटा, त्यावर फायदा. तुमचे सगळे सादरीकरण या एका आकड्याभोवती उभे राहू शकते.

लघुत्तम

वरचा हिशेब छापून टेबलासमोर लावावा, इतका उपयोगी आहे.

नवी_वाट

ताळेबंद, आपले आभार कसे मानावेत कळत नाही. आमच्या मांडणीत वर्गणीदारांची संख्या होती, पण ते कुठून येतील हा विचारच नव्हता. एक शंका आहे. २० पैकी १२ जुने, हा आकडा आम्ही कुठून आणावा? सर्वेक्षण केले तर चालेल का?

ताळेबंद

'वर्गणी घ्याल का' असे विचारले की, बहुतेक लोक भिडेखातर होकार देतात, म्हणून त्या उत्तरावर हिशेब उभा करू नये. त्यापेक्षा घडून गेलेले विचारावे : शेवटचा फिल्टर कधी बदलला, कुणाकडून घेतला, किती पैसे दिले, पावती आहे का. शिवाय एकच आकडा छातीठोकपणे सांगण्यापेक्षा तीन शक्यता मांडा. २० पैकी जुने ८ असतील तर काय, १२ असतील तर काय आणि १६ असतील तर काय. कोणत्या शक्यतेला कल्पना टिकत नाही, हे तुम्हीच आधी सांगितलेत, तर ते विचारण्याची वेळ परीक्षकांवर येणार नाही.

क्षेत्रभेट

मी व्यवस्थापनाचे अध्यापन करते आणि अशा स्पर्धांसाठी विद्यार्थ्यांची तयारी करून घेते. ताळेबंद यांनी विचारायला सांगितलेले प्रश्न अगदी योग्य आहेत, पण ते ग्राहकांइतकेच दुरुस्तीला जाणाऱ्या तंत्रज्ञांनाही विचारले पाहिजेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

माझ्या एका जुन्या संघाला याच प्रकारच्या उपकरणाचा विषय आला होता. मुले एका सेवा-तंत्रज्ञाबरोबर घरोघरी गेली. त्याच्या पिशवीत दोन कप्पे होते. एकात कंपनीचे वेष्टनबंद फिल्टर होते आणि दुसऱ्यात तसेच दिसणारे, पण बिननावाचे. ग्राहकाने किमतीबद्दल कुरकुर केली की, दुसरा कप्पा उघडायचा. मुलांनी ग्राहकांकडे यंत्राचा मॉडेल क्रमांक मागितला, तर तो बहुतेकांना सांगता येईना, कारण तो यंत्राच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून छापलेला होता. साहजिकच घरबसल्या फिल्टर मागवायचा म्हटले तरी, कोणता मागवायचा हे ग्राहकाला ठाऊकच नव्हते. अंतिम फेरीत त्या संघाने पिशवीचे आणि यंत्राच्या मागच्या बाजूचे अशी दोन छायाचित्रे दाखवली. सेवा विभागाचे अधिकारी खुर्चीत पुढे सरकून बसले आणि तिथून पुढे प्रश्नोत्तरांचा सूरच बदलला.

कंपनीकडे विक्रीचे आकडे तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. जागेवर जाऊन पाहिलेली गोष्ट मात्र मुख्यालयातल्या माणसाकडे बरेचदा नसते, आणि विद्यार्थी ती नक्की आणू शकतात.

त्याबरोबरच कंपनीचा वार्षिक अहवाल वाचावा. त्यातले अध्यक्षांचे निवेदन आणि विभागवार उत्पन्नाचे तक्ते विशेष लक्षपूर्वक वाचावेत. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिमाही निकालांनंतर विश्लेषकांशी झालेल्या संवादाचे प्रतिलेखही अनेकदा मिळतात. व्यवस्थापनाला सध्या कशाची काळजी आहे, ते त्यांतल्या प्रश्नांवरून जसे कळते, तसे जाहिरातींवरून कळत नाही.

शोधयात्री

क्षेत्रभेट यांचा अनुभव वाचून माझे म्हणणे थोडे दुरुस्त करतो. नवेपण कल्पनेतच असले पाहिजे असे नाही, ते निरीक्षणातही असू शकते. फिल्टरची वर्गणी कुणालाही सुचेल, पण मॉडेल क्रमांक भिंतीकडे आहे, हे पाहणारा संघ वेगळा ठरतो. नवी_वाट यांच्या संघातल्या पहिल्या दोघांनी झळाळीच्या मागे लागण्यापेक्षा असे एखादे निरीक्षण शोधावे.

लघुत्तम

आणि दुसऱ्या दोघांनी 'या प्रचंड बाजारपेठेचा फक्त एक टक्का मिळाला तरी' हे वाक्य कृपया टाळावे. तो एक टक्का कोण, कुठून आणि का मिळवून देणार, हे त्या वाक्यात कुठेच नसते.

मधली_फळी

लघुत्तम यांना अनुमोदन. बाजारपेठेचा आकार खालून वर मोजावा : कंपनीची किती यंत्रे आज वापरात आहेत, त्यांतली किती हमीच्या मुदतीबाहेर आहेत, त्यांतल्या किती ग्राहकांचा दूरध्वनी क्रमांक कंपनीकडे आहे, आणि त्यांतल्या कितींपर्यंत पहिल्या वर्षात पोहोचता येईल. आकडा लहान येईल, पण त्यातली प्रत्येक पायरी तपासता येईल.

पहिल्या लहान पावलाविषयी एक उदाहरण देतो. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ साली हलका चिकटणारा गोंद सापडला आणि १९७४ च्या सुमारास आर्ट फ्राय यांना त्याचा कागदी खुणांसाठी उपयोग सुचला. १९७७ साली कंपनीने चार शहरांत 'प्रेस अँड पील' या नावाने हे कागद विक्रीला ठेवले, तेव्हा प्रतिसाद थंड होता, कारण न वापरलेल्या वस्तूचे महत्त्व कुणाला कळतच नव्हते. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्याच बॉइझी शहरात नमुने फुकट वाटले आणि वापरून पाहिलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी आपण ते विकत घेऊ असे सांगितले. १९८० मध्ये 'पोस्ट-इट' नावाने अमेरिकाभर विक्री सुरू झाली. उत्पादन तेच होते, चाचणीची पद्धत बदलली. म्हणून 'आम्ही पायलट (लहान प्रमाणावरची चाचणी) करू' एवढे म्हणून थांबू नये. पायलटमध्ये ग्राहक नेमके काय करील आणि तुम्ही काय मोजाल, ते सांगावे.

रंगमंच

आशयाबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी मांडणीबद्दल लिहिते.

लेखक आणि गुंतवणूकदार गाय कावासाकी यांचा दहा-वीस-तीस हा नियम प्रसिद्ध आहे : दहा स्लाइड, वीस मिनिटे आणि अक्षरांचा आकार तीस पॉइंटपेक्षा कमी नाही. आपल्याला दहाच मिनिटे आहेत, म्हणून सहा-सात स्लाइडच्या पुढे जाऊ नये. प्रत्येक स्लाइडचे शीर्षक पूर्ण विधान असावे. 'बाजारपेठेचे विश्लेषण' या शीर्षकातून काहीच कळत नाही. 'दहापैकी सात ग्राहक अस्सल फिल्टर घेत नाहीत' यातून सगळे कळते. सगळी शीर्षके सलग वाचली की, संपूर्ण युक्तिवाद समजला पाहिजे. तसा तो समजत नसेल, तर दोष बोलण्यात शोधू नये, स्लाइडचा क्रम बदलावा.

सुरुवात मात्र एखाद्या ग्राहकाच्या गोष्टीने करावी. गृहिणी, तिचे घर, तिची अडचण असे चित्र उभे केले की, श्रोते जोडले जातात.

मितभाषी

रंगमंच यांच्या शेवटच्या सूचनेशी असहमत आहे. कल्पनेतल्या गृहिणीची गोष्ट परीक्षकांनी त्याच दिवशी आधीच्या प्रत्येक संघाकडून ऐकलेली असते. पहिल्या मिनिटात मागणी सांगावी : आम्हाला कंपनीकडून काय हवे आहे, किती खर्चाचे आणि किती मुदतीसाठी. त्यानंतरची नऊ मिनिटे परीक्षक त्या मागणीच्या संदर्भात ऐकतात.

रंगमंच

मितभाषी, आपला मुद्दा मान्य आहे, पण सगळाच नाही. काल्पनिक व्यक्ती नको, हे पटले. प्रत्यक्ष पाहिलेली व्यक्ती असेल तर? क्षेत्रभेट यांच्या उदाहरणातली पिशवी पहिल्याच स्लाइडवर आली असती, तर तिने मागणीला आधारच दिला असता. छायाचित्र, त्याखाली एका वाक्यात अडचण आणि लगेच मागणी, असे तिन्ही पहिल्या मिनिटात बसू शकते.

कागदपत्र

थोडे विषयांतर होईल, पण हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. स्पर्धेचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सादर केलेल्या कल्पनेवर हक्क कुणाचा राहील, याचे कलम त्यात बहुधा असते. काही कंपन्या सर्व हक्क स्वतःकडे घेतात, काही फक्त वापरण्याचा परवाना घेतात. फिल्टरच्या वर्गणीसारख्या व्यवसाय-कल्पनेला पेटंट मिळण्याची शक्यता तशीही कमीच असते, म्हणून तुम्ही फार चिंता करू नये. मात्र एखाद्या संघाने नवे यंत्र किंवा नवी प्रक्रिया शोधली असेल, तर सादरीकरणाआधी जाणकाराचा सल्ला घेणे आवश्यक आहे, कारण बऱ्याच देशांत जाहीर प्रकटनानंतर पेटंट मिळणे अवघड होते.

दुसरी बाब अशी की, संघातल्या कुणी प्रतिस्पर्धी कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले असेल, तर तिथली अंतर्गत माहिती स्लाइडवर अजिबात येऊ देऊ नये. परीक्षकांना ती ओळखू येते, आणि आज त्यांची माहिती इथे आणणारा उद्या आमची तिकडे नेईल, असेच त्यांना वाटते.

जुना_सभासद

नवी_वाट यांनी आपली स्पर्धा कोणत्या कुळातली आहे, हेही लक्षात घ्यावे, कारण सल्ला देणारे अनेकदा वेगवेगळ्या कुळांची सरमिसळ करतात. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या शाखेत १९८४ साली 'मूट कॉर्प' सुरू झाली आणि अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठाची स्पर्धा १९९० मध्ये दहा हजार डॉलरच्या बक्षिसाने सुरू झाली. या परंपरेत विद्यार्थी स्वतःचा उद्योग उभारण्याची योजना मांडतात. लोरियाल कंपनीची 'ब्रँडस्टॉर्म' ही १९९२ पासूनची स्पर्धा दुसऱ्या कुळातली आहे. तिथे विषय कंपनी देते आणि उत्तर कंपनीसाठीच असते. दहा लाख डॉलरचे 'हल्ट प्राइझ' तर सामाजिक उद्योगांसाठी आहे, तिथे समाजावरील परिणामाचा निकष आला. पहिल्या कुळातल्या विजेत्यांची सादरीकरणे पाहून दुसऱ्या कुळातल्या स्पर्धेची तयारी करणे योग्य नाही.

माझे आणखी एक मत आहे. कंपन्या या स्पर्धा मुख्यतः होतकरू मुले हेरण्यासाठी घेतात. कल्पना हे निमित्त असते. त्यामुळे संघ एकमेकांशी कसा वागतो, प्रश्न आल्यावर कोण कुणाचे वाक्य तोडतो, याकडे बारीक लक्ष असते.

पडद्यामागून

हेरण्याचा हेतू असतो, हे जुना_सभासद यांचे म्हणणे खरे आहे, पण कल्पना केवळ निमित्त असते असे मी म्हणणार नाही. विचार कसा करतात, हे कल्पनेवरच्या कामातूनच तर दिसते. प्रश्नोत्तरांबद्दल मात्र पूर्ण सहमती. उत्तर आधी एका वाक्यात द्यावे, कारण नंतर द्यावे. माहिती नसेल, तर 'हा आकडा आमच्याकडे नाही, तो आम्ही अशा रीतीने मिळवू' असे सरळ सांगावे. ज्या स्लाइड दहा मिनिटांत बसत नाहीत, त्या परिशिष्टात ठेवाव्यात आणि कुठली कुठे आहे ते चौघांनाही पाठ असावे. प्रश्न येताच नेमका तक्ता पडद्यावर आला, तर तयारी किती खोल आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

नवी_वाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या काही दिवसांत आम्ही तंत्रज्ञांना आणि ग्राहकांना भेटून आलो आणि मांडणी मुळापासून बदलली. आता पहिल्या मिनिटात आम्ही असे म्हणणार आहोत :

'कंपनीची शिफारस वर्षाला दोन फिल्टरची आहे, पण आम्ही भेटलेल्या बहुतेक ग्राहकांनी वर्षभरात एकच बदलला होता, कारण तो कधी बदलायचा आणि कोणता घ्यायचा हे त्यांना आठवत नाही. तंत्रज्ञाने यंत्राच्या पुढच्या बाजूला एक संकेतचिन्ह (क्यूआर कोड) चिकटवावे. ग्राहकाने ते फोनवर टिपले की, मॉडेल आपोआप नोंदले जाईल आणि दर सहा महिन्यांनी फिल्टर घरी येईल. सेवा विभागाने एका शहरात हा प्रयोग करावा, अशी आमची मागणी आहे. वर्गणीदारामागे वर्षाला १.२ पेक्षा कमी फिल्टर गेले, तर प्रयोग थांबवावा.'

वर्षाचे पैसे एकदम घेण्याऐवजी प्रत्येक फिल्टरच्या वेळी घ्यायचे आणि केव्हाही रद्द करण्याची मुभा द्यायची, असेही ठरवले आहे. प्रयोगाची मुदत सहा महिने धरली आहे. कृपया यातल्या चुका दाखवाव्यात.

मधली_फळी

मांडणी आता खूपच नेमकी झाली आहे. मुदत मात्र चुकते आहे. फिल्टर दर सहा महिन्यांनी जाणार असेल, तर सहा महिने संपताना प्रत्येकाकडे पहिलाच फिल्टर असेल आणि तुमचा १.२ हा आकडा मोजताच येणार नाही. प्रयोग सात-आठ महिन्यांचा ठेवा आणि दुसऱ्या फिल्टरच्या आधी किती जण वर्गणी रद्द करतात ते मोजा. पहिला सगळ्यांना गेलाच आहे, म्हणून १.२ गाठायला दर पाच वर्गणीदारांपैकी किमान एकाने दुसरा स्वीकारला पाहिजे.

क्षेत्रभेट

सेवा विभागाचे अधिकारी आणखी एक प्रश्न विचारतील : संकेतचिन्ह चिकटवण्यात तंत्रज्ञाचे हित काय? फिल्टर घरपोच गेला, तर त्याचा दुसरा कप्पा तर बंद होईलच, पण एरवी मिळणारी वरकमाईही जाईल. तो चिकटवतो म्हणेल आणि चिकटवणार नाही. या योजनेत त्याचा वाटा ठेवावाच लागेल.

ताळेबंद

क्षेत्रभेट यांचा मुद्दा हिशेबात घेऊन पाहिला. प्रत्येक फिल्टरमागे तंत्रज्ञाला ४ दिले, तर कंपनीकडे २० ऐवजी १६ उरतात. जुन्या पद्धतीचे ७२० वजा जाता वर्गणीतून ४८० यायला हवेत, आणि २० वर्गणीदारांमागे ते यायचे तर सरासरी १.५ फिल्टर जावे लागतील. म्हणजे पाचांतला एक पुरणार नाही, दर दोन वर्गणीदारांपैकी किमान एकाने दुसरा फिल्टर स्वीकारला पाहिजे. शिफारस दोनची आहे, त्यामुळे हे लक्ष्य अवघड असले तरी अशक्य नाही. तुम्हाला मिळालेले खरे आकडे घालून हा हिशेब पुन्हा करावा, तंत्रज्ञाचा वाटा धरून आणि न धरता असे दोन्ही तक्ते परिशिष्टात ठेवावेत, आणि पहिल्या स्लाइडवर १.२ च्या जागी १.५ लिहावे.